आधी आई दाखवा

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस कुत्र्यांच्या पिल्लांच्या बाजारात धामधुमीचे असतात. बोनस हातात आलेला असतो, मुलांना सुट्टी लागायची असते आणि वर्षभर टाळलेला हट्ट अखेर मान्य होतो. मग मोबाइलवर फोटो येऊ लागतात. चकचकीत उशीवर बसवलेलं, गळ्यात रिबीन बांधलेलं पिल्लू. खाली मजकूर: 'लॅब, मेल, टॉप क्वालिटी, डबल बोन, चॅम्पियन लाईन, विथ पेपर्स.' पेपर नको असतील तर भाव कमी. घरपोच पाहिजे असेल तर तेही जमेल.

या मजकुरात पिल्लाच्या बापाचा उल्लेख हमखास असतो, त्याने जिंकलेल्या पदकांसकट. आईचा नसतो. या लेखासाठी ब्रीडर, पशुवैद्य आणि पिल्लं घेतलेली कुटुंबं यांच्याशी बोलताना मी पुन्हा पुन्हा तिच्यापाशी येऊन थांबले. पिल्लू कुठून घ्यावं, या प्रश्नाची अनेक उत्तरं मिळतात; पण त्यांतली बहुतेक एका वाक्यात तपासून बघता येतात. फोनवर विचारायचं, "पिल्लाची आई बघायला मिळेल का? पिल्लांसोबतच?"

उत्तरं ठरलेली असतात. आई फार्मवर आहे. ती नवीन माणसांवर धावून येते. तिला आता पिल्लांपासून वेगळं केलंय. व्हिडिओ पाठवतो, त्यात बघा. किंवा, तुम्ही एवढ्या लांब येण्यापेक्षा हायवेला फूड मॉलपाशी भेटू, मी पिल्लू तिथेच आणून देतो. यातलं एखादं कारण खरंही असेल. पण आई दाखवायची तयारी नसेल, तर तिथे व्यवहार थांबवावा, असं माझं स्पष्ट मत झालं आहे. मग भाव कितीही कमी असो आणि फोटो कितीही गोंडस असो.

आई का लपवली जाते? कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते आणि 63 दिवसांच्या आसपास विते. प्रत्येक माजाला लावायची म्हटलं तर लॅब्रॅडोरसारख्या मोठ्या जातीत एका वेताला आठ-दहा पिल्लंही मिळतात. धंद्याचं गणित इथेच सुरू होतं आणि तिची झीजही. एका वेताचं दूध आटतं न आटतं तोच ती पुन्हा गाभण. केस विरळ, सडं लोंबलेली, पाठीचे मणके वर आलेले. अशी कुत्री गिऱ्हाइकाला दाखवली, तर उशीवरच्या पिल्लाचा भाव टिकत नाही.

कायदा या बाबतीत आपल्याकडे आहे आणि तो चांगला आहे. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली 2017 साली केंद्र सरकारने श्वान पैदास आणि विक्रीचे स्वतंत्र नियम केले. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि प्रमाणपत्र दिसेल असं लावायचं. मादी दीड वर्षाची होईपर्यंत तिला लावायचं नाही, आठ वर्षांनंतरही नाही. लागोपाठच्या दोन माजांना वीण घ्यायची नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. विकण्याआधी मायक्रोचिप बसवायची. लसीकरण, जंतांचं औषध, खाणं यांची माहिती लेखी द्यायची, पावती द्यायची. विकलेल्या पिल्लाची वर्षातून एकदा तरी चौकशी करायची. नियम माहीत नसलेलं गिऱ्हाईक हेच बेकायदा ब्रीडरचं सगळ्यात मोठं संरक्षण आहे. म्हणून पहिल्या फोनवरच नोंदणी क्रमांक मागावा. "तो कशाला लागतो?" असं उत्तर आलं, तर समजून जावं.

इंग्लंडमध्ये आई दाखवण्याच्या याच मुद्द्यावर एक कायदा झाला आणि त्याला एका कुत्रीचं नाव मिळालं. ल्युसी ही कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल जातीची मादी 2013 साली वेल्समधल्या पिल्लांच्या कारखान्यातून सोडवली गेली. पिंजऱ्यात वर्षानुवर्षं वेतं घेतल्याने तिच्या कमरेला बाक आला होता. 2016 मध्ये ती गेली. तिच्या नावाने चाललेल्या मोहिमेतून आलेला नियम 6 एप्रिल 2020 पासून इंग्लंडमध्ये लागू आहे. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू दुकानदाराने किंवा दलालाने विकायचं नाही. ते थेट ब्रीडरकडूनच घ्यायचं, आणि त्या ब्रीडरने ते आईबरोबर, जिथे जन्मलं तिथेच दाखवायचं. आपल्याकडे दलालाला असा मज्जाव नाही. पण गिऱ्हाइकाने तो स्वतःपुरता घालून घ्यायला कोणाची हरकत?

आठ आठवड्यांची अट अनेकांना कागदी वाटते. "महिन्याचं पिल्लू आणलं की लवकर लळा लागतो," हे मी इतक्या ठिकाणी ऐकलं की त्यावर जरा सविस्तर लिहायला हवं.

जन्मानंतरच्या पहिल्या दिवसात पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून तिची रोगप्रतिकारशक्ती पिल्लाच्या रक्तात उतरते. ही उसनी शक्ती हळूहळू ओसरते. कोणाची सहाव्या आठवड्यात, कोणाची पार चौदाव्या-सोळाव्या आठवड्यात. ती अंगात भरपूर असेपर्यंत लस टोचली तरी लागू पडत नाही आणि ती संपली की पिल्लू उघडं पडतं. कोणत्या पिल्लाची नेमकी कधी संपेल हे बाहेरून कळत नाही. म्हणूनच सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी लस पुन्हा द्यावी लागते. 'एक इंजेक्शन झालंय' म्हणजे पिल्लू सुरक्षित झालं, असं नव्हे. आणि आईलाच कधी लस दिलेली नसेल, तर चिकातून उतरणार काय?

मधल्या या फटीत शिरतो तो पार्वो. 1978 च्या सुमारास जगभर एकदम पसरलेला हा विषाणू पिल्लाच्या आतड्याचं अस्तर आणि पांढऱ्या पेशी दोन्हींवर हल्ला करतो. लागण झाल्यापासून तीन ते सात दिवसांत लक्षणं दिसतात. म्हणजे विकताना उड्या मारणारं पिल्लू घरी आल्यावर चौथ्या दिवशी खाणं सोडतं. मग उलट्या, मग रक्ताचे पातळ जुलाब. त्याचा एक विशिष्ट, आंबूस-कुजका वास असतो. दवाखान्यातली माणसं तो दारातच ओळखतात.

एका दवाखान्यात मी असं पिल्लू पाहिलं. बीगल, वजन किलोभराच्या थोडं वर. पुढच्या पायाचे केस काढून सुई बसवलेली, ती हलू नये म्हणून पाय पुठ्ठ्याच्या पट्टीला चिकटपट्टीने बांधलेला. सलाईनचा थेंब पडत होता आणि शेजारी स्टुलावर दहा-अकरा वर्षांची मुलगी शाळेच्या गणवेशात बसली होती. डॉक्टरांनी नाडी बघितली, हिरड्या दाबून बघितल्या. पिल्लाच्या कार्डावर लसीची तारीख होती, चिकटवलेलं लेबल नव्हतं, सही कोणाची ते वाचता येत नव्हतं. विकणाऱ्याने पिल्लू पन्नास दिवसांचं असल्याचं सांगितलं होतं. डॉक्टरांनी तोंड उघडून दाखवलं. दुधाचे दात अजून पुरते आलेले नव्हते. दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात यायला लागतात. हे पिल्लू फार तर पाच आठवड्यांचं होतं.

वेळेत सलाईन आणि उपचार मिळाले तर पार्वोतून बरीच पिल्लं वाचतात, पण दवाखान्यातले ते दिवस पिल्लाला आणि घराला पिळून काढतात. शिवाय हा विषाणू जमिनीत, फरशीच्या सांध्यांत, पायपुसण्यात महिनोन्‌महिने टिकतो. घरातल्या फिनाईलने तो मरत नाही, ब्लीच लागतं. ज्या घरात पार्वोने पिल्लू गेलं, तिथे लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू महिनोन्‌महिने आणू नये. आणि दयेपोटी आजारी पिल्लू विकत घेऊ नये. हे लिहिताना मला जड जातंय. पण पैसे देऊन ते पिल्लू सोडवलं की त्याच पिंजऱ्यात दुसरं येतं. तक्रार करावी, प्राणी संघटनेला कळवावं, पैसे देऊ नयेत.

आईजवळ राहण्याचं दुसरं कारण मी सातारा जिल्ह्यातल्या एका काकूंच्या घरी डोळ्यांनी पाहिलं. त्या लॅब्रॅडोरची वीण घेतात, वर्षाला एखादीच. मागच्या पडवीत लाकडी पेटी होती, एका बाजूने बुटकी. आतून चारही भिंतींना वीतभर उंचीवर दांडा मारलेला. आई आडवी होताना पिल्लू भिंतीशी चिरडू नये, त्याला दांड्याखाली जागा राहावी म्हणून. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची लोकर. खिळ्याला लटकवलेल्या वहीत पहिल्या दिवसापासूनची वजनं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर परात ठेवून केलेली. हिरव्या लोकरीचं पिल्लू तिसऱ्या दिवशी वजनात घटलं होतं. त्यापुढे त्याला आईच्या मागच्या, जास्त दुधाच्या सडांशी दर दोन तासांनी लावल्याच्या खुणा होत्या.

पिल्लं पाच आठवड्यांची होती. आई आधी माझ्याकडे आली, हात हुंगला, चपला हुंगल्या आणि माझ्या पायाशी टेकून बसली. कुत्रीचा स्वभाव बघायचा तो असा. घाबरट, थरथरणारी किंवा अंगावर येणारी आई असेल, तर पिल्लं ते रक्तातून घेतात आणि रोज बघूनही शिकतात. थोड्या वेळाने पिल्लांनी तिला घेरलं. एकाने सड जोरात चावलं. तिने एकदाच गुरगुरून तोंडाने त्याला बाजूला केलं आणि उठून गेली. पिल्लू बसून राहिलं. दुसऱ्या खेपेला ते हळू लागलं. दात किती जोरात लावायचे, हा धडा आई आणि भावंडं या आठवड्यांत देतात. चौथ्या आठवड्यात उचललेल्या पिल्लाला तो माणसाच्या हातांवर गिरवावा लागतो, आणि मग सहा महिन्यांनी 'कुत्रा चावरा निघाला' म्हणून तेच दोषी.

काकूंना मी गिऱ्हाईक वाटले होते. चहा ठेवायच्या आधीच प्रश्न सुरू झाले.

"घरी दिवसभर कोण असतं?"

"सासूबाई असतात."

"त्यांना चालणारे का? तुम्हाला नाही विचारत, त्यांना विचारलंत का? घर स्वतःचं का भाड्याचं? बदलीची नोकरी आहे का?"

मी लेखासाठी आल्याचं सांगितल्यावर त्या हसल्या. "बरं झालं. मग लिहा, की जमलं नाही तर पिल्लू माझ्याकडेच परत आणायचं. दुसऱ्याला द्यायचं नाही, सोडायचं तर नाहीच. हे मी कागदावर लिहून घेते."

चांगल्या ब्रीडरची खूण मला इथे सापडली. तो विकायच्या घाईत नसतो. तो तुमची परीक्षा घेतो, बऱ्याचदा वाट बघायला लावतो, आणि म्हातारी झालेली कुत्री कुठे आहे असं विचारलं तर हाक मारून ती तुमच्यासमोर उभी करतो. हा शेवटचा प्रश्न जरूर विचारावा. वीण बंद झालेल्या माद्या ज्याच्याकडे कुठेच दिसत नाहीत, त्याने त्यांचं काय केलं?

आता 'पेपर्स'. केनेल क्लब ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र पिल्लाची वंशावळ सांगतं. त्याची कंबर, हृदय, डोळे कसे आहेत ते सांगत नाही. लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याच्या सांध्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या उतरतो. आईबापांचे एक्स-रे काढून, सांधे चांगले असतील तरच वीण घेणं हा त्यावरचा उपाय. त्या एक्स-रेचा अहवाल मागितला की 'डबल बोन'ची भाषा एकदम थंडावते. 'डबल बोन' असं काही नसतं. जास्त खाऊ घालून जाड केलेलं पिल्लू असतं, आणि वाढत्या सांध्यांना ते वजन घातकच.

मग जातीची निवड. 2003 साली मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका मुलाच्या मागे मागे जाणारा पग आला आणि घराघरांत पग हवासा झाला. चपटं नाक म्हणजे आखूड श्वासमार्ग. कुत्रं अंग गार करतं ते धापा टाकून. ज्याला धापाच नीट टाकता येत नाहीत त्याला विदर्भातला मे महिना म्हणजे छळ आहे. नेदरलँड्सने 2019 पासून फार चपट्या नाकाच्या कुत्र्यांची पैदास रोखली. बर्फासाठी दुहेरी लव घेऊन जन्मलेल्या हस्कीबद्दलही मी हेच म्हणेन. नांदेड-लातूरच्या उन्हात त्याला ठेवायचं, तर त्याचं आयुष्य एसीच्या खोलीतच जातं.

आपल्या मातीतली कुत्री आहेतच की. मुधोळ हे एकेकाळचं घोरपड्यांचं संस्थान. तिथल्या मालोजीराजे घोरपड्यांनी मुधोळ हाउंडची जोडी विलायतेत राजे पंचम जॉर्ज यांना दिली होती. आज मुधोळजवळ तिम्मापूरला या जातीचं संशोधन केंद्र आहे, आणि 2005 साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची जी चार तिकिटं काढली त्यांत मुधोळ होता. कर्नाटक सीमेच्या अलीकडे, सोलापूर-लातूरकडे याच घराण्याला कारवान म्हणतात. लांब पाय, खोल छाती, बरगड्या मोजता येतील असं अंग. उपाशी ठेवलंय की काय असं वाटतं, पण त्याची ठेवणच तशी. मात्र ही डोळ्याने हेरून, पळून शिकार गाठणारी कुत्री. ज्यांच्याजवळ मोकळं, कुंपण घातलेलं रान नाही, त्यांनी देशी अभिमानापोटीही ती फ्लॅटमध्ये आणू नयेत. आणि ज्यांना जातीशी देणंघेणं नाही, फक्त सोबत हवी आहे, त्यांच्यासाठी गल्लीतली, निवाऱ्यातली गावठी पिल्लं वाट बघतच आहेत. दहा तास घर बंद असणाऱ्यांना तर मी पिल्लू सुचवणारच नाही. तिथे दत्तक घेतलेलं, दोन-तीन वर्षांचं शांत कुत्रं जास्त सुखात राहतं.

पिल्लू ठरलं की ते दिवाळीत घरी आणू नये. माणसाला ऐकू येतात त्याच्या दुप्पट वरच्या पट्टीचे आवाज कुत्र्याला ऐकू येतात. नव्या घरातला पहिला आठवडा सुतळी बॉम्बच्या आवाजात गेला, तर ती भीती जन्मभर राहू शकते. शिवाय फराळाची ताटं खालीच असतात. बेदाणे आणि मनुकांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, चॉकलेट आणि कांदा-लसूणही विषारी. रव्याच्या लाडवातला बेदाणा कोणाच्या लक्षात येतो? तुळशीचं लग्न होऊन जाऊ द्यावं. चांगला ब्रीडर तेवढं थांबतो.

आणायला सकाळी जावं, म्हणजे रात्रीपर्यंत त्याला घर बघायला वेळ मिळतो. एक जुना पंचा त्याआधीच काकूंसारख्या ब्रीडरकडे देऊन ठेवावा; तो आईखाली चार दिवस राहिला की तिचा वास त्यात मुरतो. तेच अंथरूण. ब्रीडर जे खायला देत होता तेच निदान आठवडाभर, त्याच वेळा. बदल करायचा तर हळूहळू मिसळत. वाटीभर गाईचं दूध प्रेमाने पुढे केलं जातं आणि त्याने जुलाब लागतात. दोन दिवसांत आपल्या पशुवैद्याकडे तपासणी. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी पहिले तीन दिवस बघायला येऊ नये, हे सांगायला जड जातं, पण सांगावं.

पहिल्या रात्री ते रडणार. आठ आठवडे ते भावंडांच्या ढिगात झोपलेलं आहे. 'रडू द्या, सवय होईल' हा सल्ला मला मान्य नाही. त्याची पेटी पलंगाशेजारी ठेवावी, हात खाली सोडला की हुंगता येईल अशी. आठवड्या-दोन आठवड्यांत पेटी हवी तिथे सरकवता येते. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर आणि एरवी दर दोन तासांनी त्याला शू-शीच्या जागी न्यावं. जमलं की तिथेच शाबासकी. चुकलं की पुसून टाकावं. नाक घासणं, मारणं यातून ते एवढंच शिकतं, की माणसासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे करतं. गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, त्याने सांधे बिघडतात. तिथे सतरंज्या पसराव्यात.

लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर खाली सोडायचं नाही, हे खरं. पण तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यातच जग ओळखीचं होतं किंवा भीतीचं. म्हणून कडेवर घेऊन फिरवावं. रिक्षा, एसटीचा हॉर्न, कुकरची शिट्टी, मिक्सर, आरतीची घंटा, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला कुरिअरवाला. रोज थोडं, खाऊ देत देत. रेबीजची लस तीन महिने पूर्ण झाल्यावर असते. तोवर आणि पुढेही, त्याचा दात लागून रक्त आलं, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जावं. 'घरचंच पिल्लू आहे' म्हणून सोडू नये. लस झाली की त्या प्रमाणपत्रावर महापालिकेचा परवाना काढावा. आणि सोसायटीने कुत्रं ठेवायलाच बंदी केली, तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचना दाखवाव्यात. तसा ठराव सोसायटीला करता येत नाही.

वर्षभराने ब्रीडरने चौकशी करायची असते, असं नियम म्हणतो. तो करो न करो, आपण फोन करावा. पिल्लाला त्वचेची ॲलर्जी निघाली, फिट आली, एक्स-रेत खुबा सैल दिसला, तर अहवालाची प्रत त्याला पाठवावी. काकूंच्या वहीच्या मागच्या पानांवर अशा नोंदी आहेत. घरोघरी गेलेल्या एकेका पिल्लाचं नाव आणि त्यापुढे पुढच्या वर्षांत काय झालं ते. एका वेतातल्या दोन पिल्लांचे खुबे खराब निघाल्यावर त्यांनी त्या मादीचं ऑपरेशन करून घेतलं आणि तिची वीण कायमची थांबवली. चार वर्षांची होती, दिसायला देखणी, आणखी दोन वेतं सहज झाली असती. ती आता पडवीतच असते.